सिग्नल एसटीनं गेला

आमच्या गॅलरीत रेल्वेचा सिग्नल होता. खरा. वर-खाली होणारा हात, लाल रंग, मध्ये पांढरा पट्टा. खांब नव्हता, नुसता हात होता. पण हातच माणसाएवढा लांब होता. नवीन कुरिअरवाला आला की त्याच्यासमोर थबकायचा. पुढं यायचं की नाही, हे त्याला कळायचं नाही. ओळखीची माणसं सरळ आत यायची.

हा सिग्नल माझा नव्हे, माझ्या बायकोचा. मीनाचा. मी एसटीतला माणूस. आधी कंडक्टर, मग कोल्हापूरच्या स्टँडवर कंट्रोलर. गारगोटीची गाडी कुठल्या फलाटाला लागली हे माइकवरून सांगण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. आमच्या घरात एसटीची म्हणावी अशी एकच वस्तू होती, ती म्हणजे मी. बाकी सगळी रेल्वे.

मीनाचे वडील मिरज-कोल्हापूर लाइनीवरच्या एका लहान स्टेशनात रूळ बदलून देणारे पॉइंट्समन होते. ती रेल्वेच्या क्वार्टरमध्ये वाढली. पुढं रंगीत दिव्यांचे सिग्नल आले, कॉम्प्युटरची तिकिटं आली आणि जुनं सामान भंगारात निघालं. तेव्हा ही भंगारवाल्यांच्या दारात जाऊन उभी राहायला लागली. चार बायका सोनाराकडे जातात तशी. ब्लाउज शिवायची आणि कंदील आणायची. गार्डचा कंदील, पुठ्ठ्याची तिकिटं, तिकिटावर तारीख उठवायचं लोखंडी यंत्र, पितळेची घंटा, स्टेशनमास्तरची टोपी, लाकडी पट्ट्यांचं बाकडं, लाल-हिरवे झेंडे, रुळाचा एक तुकडा. मी विचारायचो, "हे कशाला?" ती म्हणायची, "तुमच्या एसटीचं काय आणू? फुटकी काच?"

आणि एक टोकन होतं. हे जरा समजावून सांगायला पाहिजे. एकेरी लाइनीवर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून पूर्वी ड्रायव्हरला एक मोठं कडं देत. ते ज्याच्या हातात, त्यानंच पुढं जायचं. आमच्या घरात न्हाणीघर एकच. मीनानं लग्नानंतर थोड्याच वर्षांत तिथं टोकन लागू केलं. कडं दाराबाहेरच्या खुंटीला. आत जाणाऱ्यानं ते बरोबर न्यायचं. खुंटी मोकळी दिसली तर आत कोणीतरी आहे, दार वाजवायचं नाही, गप्प थांबायचं. पाहुणे हसायचे. पण आमच्याकडे न्हाणीघराच्या दाराशी कधी भांडण झालं नाही, आणि पाहुण्यांच्या घरी होतं हे मला माहीत आहे.

मीना जाऊन तेव्हा वर्ष होत आलं होतं. तरी मी अंघोळीला जाताना खुंटीवरचं कडं काढून न्यायचो आणि बाहेर आलो की परत लावायचो. समोरून कोणी येणार नाही, हे माहीत असून.

तर गोष्ट अशी की पुण्याहून मुलीचा, श्रुतीचा, फोन आला. "पप्पा, दिवाळीच्या आत या. कायमचे. एकटे राहू नका."

"सामान?"

"एखादा कंदील आणा. सिग्नल नको. आमच्या सोसायटीत गॅलरीत टॉवेल वाळत घातला तरी चिठ्ठी येते."

पोरीचं चुकत नव्हतं. पण मीनानं दवाखान्यात मला एक गोष्ट सांगितली होती. "माझ्या मागं ह्याची वाटणी करू नका. एकाला कंदील, एकाला घंटा, असलं नको. सगळं एका जागी राहू दे. आणि काचेत नको. माणसांचा हात लागू दे." मी हो म्हणालो. दवाखान्यात माणूस कशालाही हो म्हणतो. घरी आल्यावर कळतं की आपण काय कबूल करून बसलो.

वरच्या मजल्यावर अप्पा राहतात. ते नोकरीतून निवृत्त झाले, सल्ल्यातून नाही. त्यांना जिन्यात कुजबुज ऐकू येते, आणि मी तर फोनवर बोललो होतो.

"जयसिंगराव, हे काम माझ्यावर सोडा," ते म्हणाले.

माझ्या आयुष्यात हे वाक्य बोललेला माणूस पुढं कामाच्या वेळी सापडल्याचं मला आठवत नाही. अप्पांची गोष्ट उलटी. ते सापडतात. रोज सापडतात.

त्यांचा पहिला सल्ला होता की जिचं आहे तिला देऊन टाका. म्हणजे रेल्वेला. दुसरा सल्ला त्यांच्या बायकोनं, नंदिनीवहिनींनी दिला: "भाऊजी, इस्त्रीचा शर्ट घालून जा." हा मात्र मी मानला.

रेल्वेच्या एका कार्यालयात गेलो. कुठल्या ते सांगत नाही, कारण साहेब सभ्य होते. त्यांनी खुर्ची दिली, पाणी दिलं, मोबाइलवरचे फोटो बघितले.

"सुंदर आहे. हे तुमच्याकडे आलं कसं?"

"भंगारातून."

"पावती?"

"भंगारवाला कुठली पावती देतोय, साहेब?"

"म्हणजे रेल्वेची मालमत्ता तुमच्याकडे विनापावती आहे."

"म्हणून तर परत द्यायला आलोय."

"परत घेता येणार नाही. आमच्या दप्तरी ती केव्हाच निकालात निघाली. जी वस्तू नाही ती परत कशी घेणार?"

"मग माझ्या गॅलरीत काय आहे?"

"ते तुम्ही सांगा," साहेब अगदी मऊ आवाजात म्हणाले.

मी नमस्कार करून उठलो. खरं सांगायचं तर असली उत्तरं स्टँडवरच्या खिडकीतून मी स्वतः दिली आहेत. पण खिडकीच्या या बाजूला ती वेगळी ऐकू येतात. वाटेत स्टेशनवर थांबलो. रविवारी संध्याकाळी मी आणि मीना इथं यायचो. कुणाला पोहोचवायला नाही, कुणाला आणायला नाही. गाडी सुटेपर्यंत चहा प्यायचा आणि गाडी हलली की मीना हात करायची. कुणालाही. गाडीतली माणसंही हात करायची. एकदा एका बाईनं खिडकीतून ओरडून विचारलं होतं, "तुम्ही कुणाकडल्या?" मीना म्हणाली होती, "इथल्याच!"

मी चहा घेतला. गाडी हलली. हात वर करायचं धाडस झालं नाही. एकट्या म्हाताऱ्यानं परक्या गाडीला हात केला तर लोक वेगळंच समजतात.

रेल्वेनं नाही म्हटल्याची बातमी माझ्याआधी बिल्डिंगमध्ये पोहोचली. गल्लीच्या तोंडाशी तालीम आहे. तिथली पोरं रुळाचा तुकडा मागायला आली. "काका, आमी रोज त्येला तेल लावतो की. तुमच्यागत कोण बी जपणार न्हाय." त्यातल्या एकानं तो तिथंच खांद्यावर घेऊन बैठका मारून दाखवल्या. खाली ठेवताना फरशीला तडा गेला. मी म्हणालो, सगळं घेणार असाल तर बोला. ते बाकड्याकडं बघत राहिले. बाकडंही त्यांना चाललं असतं. पण स्टेशनमास्तरची टोपी घालून तालीम करणं वस्तादांना पसंत पडलं नसतं.

मग अप्पांनी एक हॉटेलवाला आणला. यशराज नावाचा. हायवेवर त्याचं मोठं मटणाचं हॉटेल आहे. पोरगा वाईट नव्हता. चप्पल बाहेर काढून आला, मीनाच्या फोटोला हात जोडले.

"काका, काळजीच सोडा. सगळं नेतो. येकदम रॉयल ठेवतो."

मला बरं वाटलं. मी चहा टाकला.

"ही तिकिटं बिलाबरोबर द्यायची, बडीशेपंच्या वाटीत. गिऱ्हाईक खूश! कंदिलात पांढरा रस्सा न्हाय बसायचा, पण बघू. आन सिग्नल टॉयलेटच्या दारावर. आत माणूस असला की लाल."

मी गॅस बंद केला. "जमणार नाही," म्हणालो.

"का वो काका? आयडिया भारी हाय की."

आता त्याला काय सांगणार, की ही आयडिया आमच्या घरात तो जन्मायच्या आधीपासून चालू आहे. पण आमची गोष्ट वेगळी होती. आमच्याकडे आतलं माणूस ओळखीचं होतं.

तो गेल्यावर अप्पा माझ्यावर रागावले. "जयसिंगराव, तुम्हाला द्यायचं आहे की नाही? स्पष्ट बोला."

मी स्पष्ट बोललो नाही. कारण मलाही ते माहीत नव्हतं. प्रत्येक नकारानंतर मी घरी येऊन सिग्नलवरची धूळ पुसायचो आणि मला बरं वाटायचं. हे अप्पांना कळलं असतं तर त्यांनी काम सोडलं असतं. नाही सोडलं. उलट त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर संदेश टाकला. मला न विचारता, माझ्या नंबरसकट.

'तातडीने कळविणे. रेल्वेसाठी कोल्हापूर जिल्ह्यात कोठेही जागा पाहिजे. कागदपत्रांची अट नाही. संपर्क: जयसिंगराव.'

अप्पांना थोडक्यात लिहायची सवय आहे. पुढचे सगळे हाल त्या थोडक्यातपणातले.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात गडमुडशिंगीचे दोन भाऊ. थोरला कृष्णात. हातात सातबारा. धाकट्याच्या हातात काही नव्हतं, पण मुठी आवळलेल्या होत्या.

"पावणं, जागा किती लागंल?" कृष्णातनं विचारलं.

"एक खोली पुरे," मी म्हणालो.

"खोलीत रेल्वे?"

"दादा, गप की. हे फसवायलेत," धाकटा म्हणाला आणि माझ्याकडं वळला. "एक इंच देनार न्हाय! आधीच सांगतो. मोर्चा काढू!"

"अहो, पण मी कुठं मागतोय?"

"मग हे काय हाय?" त्यानं मोबाइल माझ्या नाकापुढं धरला. तेवढ्यात त्याची नजर गॅलरीत गेली. तो एक पाऊल मागं सरला आणि भावाला हळूच म्हणाला, "आयला दादा, हितपातूर आली बी?"

त्यांना बसवलं. बाकड्यावरच बसवलं, कारण तेच मोकळं होतं. सगळा घोळ सांगितला. कृष्णात निराश झाला. कोल्हापूरहून वैभववाडीला व्हायची ती नवी लाइन आपल्याच शेतातून जाणार असं त्यानं रस्ताभर मनात पक्कं केलं होतं. धाकट्यालाही जरा चुकल्यासारखं झालं. मोर्चा काढायची तयारी करून आलेल्या माणसाला चहा घेऊन परत जायचं म्हणजे जड जातं. त्यानं वेळ घालवायला म्हणून डब्यातलं एक तिकीट उचललं, बोटांनी दाबून बघितलं, वास घेतला.

"आमची आई असल्या तिकिटावर मिरजंला गेलती," तो म्हणाला. "दवाखान्यात. मी बारका हुतो. माज्या हातात दिलतं तिकीट, धर म्हनून. मी वाटंत पाडलं. मार खाल्ला."

जाताना त्यानं ते तिकीट जपून डब्यात परत ठेवलं. मला वाटलं, मीना असती तर तिनं त्याला अजून एक चहा पाजला असता.

त्या आठवड्यात माझा फोन थांबला नाही. कोणी प्लॉट दाखवला, कोणी विहीर. एकानं विचारलं, घरातल्या एकाला रेल्वेत चिकटवणार असाल तर अख्खं रान देतो. एकानं फोन केला आणि मी 'हॅलो' म्हणताच नुसत्या शिव्या दिल्या. कंट्रोलर होतो म्हणून टिकलो. दिवाळीच्या गर्दीत गाडी रद्द झाल्याचं सांगितलेला माणूस शिव्यांना भीत नाही.

आणि मग एका दुपारी एका बाईचा फोन.

"नमस्कार. मी अनुजा. चंदगड तालुक्यात एका वाडीवरच्या शाळेत शिक्षिका आहे. तुम्हाला जागा पाहिजे असं वाचलं. आमच्याकडे एक खोली रिकामी आहे."

मी आता शहाणा झालो होतो. आधी सगळं समजावून सांगितलं. कंदील, टोपी, तिकिटं. जमीन नको, नोकरी नाही.

"तेच ना," त्या म्हणाल्या. "आमच्याकडे खोली आहे, रेल्वे नाही. अख्ख्या तालुक्यात नाही. मुलांच्या पुस्तकात रेल्वे येते. मुलं विचारतात, बाई, रूळ म्हणजे काय? मी फळ्यावर दोन रेघा ओढते. किती दिवस रेघा ओढू?"

"सगळं घ्याल?"

"सगळं."

"काचेत ठेवाल?"

"काच कुठून आणू? आणि मुलं ऐकणार आहेत का? ती हात लावणारच. तेवढं मात्र तुम्हाला चाललं पाहिजे."

मी चाललं म्हणालो आणि फोन ठेवला. मग बराच वेळ बाकड्यावर बसून राहिलो. जागा मिळाली होती. अगदी मीनानं सांगितलं तशी. आता नाही म्हणायला कारण उरलं नव्हतं.

अप्पा मात्र खवळले. "चंदगड? अहो, तिथं पाऊस आणि काजू. रेल्वेचं सामान रेल्वे नाही तिथं नेऊन काय करायचं?"

नंदिनीवहिनी ताटातल्या शेंगा सोलत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "समुद्र नाही म्हणूनच माणसं घरात शंख ठेवतात."

अप्पांनी त्यानंतर सल्ला दिला नाही. त्या दिवशी.

बांधाबांध मी एकट्यानं केली. वहिनी म्हणाल्या होत्या की कंदिलांना जुन्या साड्या गुंडाळा, काचा फुटणार नाहीत. मी कपाट उघडलं. एक साडी काढली, गुंडाळली, परत उलगडली, घडी करून ठेवली. दुसरी काढली. ही तिच्या बहिणीच्या लग्नातली. तीही ठेवली. असं करत दुपार गेली. शेवटी कंदिलांना माझे शर्ट गुंडाळले. त्यातला एक इस्त्रीचा होता.

निघायच्या सकाळी टॉवेल खांद्यावर टाकून न्हाणीघराशी गेलो तर खुंटी मोकळी. टोकन मी आदल्या संध्याकाळीच पोत्यात भरलं होतं. पण ते पायांना कुठं माहीत? पाय थांबले. नियम तसाच होता: खुंटी मोकळी म्हणजे आत कोणीतरी आहे. मी दाराबाहेर उभा राहिलो. दार वाजवलं नाही. पाण्याचा आवाज येतो का, ते ऐकत राहिलो. किती वेळ ते सांगता येणार नाही. अप्पा खालून ओरडले, "जयसिंगराव, रिक्षा आली!" तेव्हा तसाच, अंघोळ न करता निघालो.

रिक्षा मालाची, तीही स्टँडवर जाण्यापुरती. टेम्पोवाल्यांनी आधीच हात वर केले होते. पाऊस अजून पुरता गेला नव्हता, आणि वाडीचा रस्ता म्हटल्यावर एकानं मला 'बघून सांगतो' म्हटलं. बघून सांगतो म्हणणारा माणूस बघतही नाही आणि सांगतही नाही. मग मी एसटीकडे गेलो. आपल्या घरी गेलो म्हणा ना. चंदगडच्या गाडीवर जोतीराम कंडक्टर होता. तो नवीन लागला तेव्हा त्याला मी माझ्या खिडकीत बसवून वेळापत्रक शिकवलं होतं.

"सायब, तुमी आन रेल्वेचं सामान एसटीत?" तो पोट धरून हसला. "वैनी असत्या तर फोटो काढला असता की."

बाकडं, रुळाचा तुकडा आणि यंत्र डिकीत गेलं. सिग्नल मधल्या वाटेत आडवा. बाकीची पोती मागच्या सीटवर. घंटा गडगडू नये म्हणून मी ती मागच्या दांडीला दोरीनं टांगली. आणि इथं माझ्या हातून चूक झाली. घंटेची जीभ बांधायला विसरलो. एसटीत जन्म घालवलेल्या माणसानं ही चूक करायला नको होती.

कारण एसटीत एक घंटी म्हणजे थांबा आणि दोन म्हणजे चला. ड्रायव्हर मागं बघत नाही, घंटी ऐकतो. गडहिंग्लजपर्यंत रस्ता बरा होता. पुढं खड्डे लागले. पहिल्या खड्ड्यात घंटा एकदा वाजली. टण्! गाडी थांबली. दोन्ही बाजूला उसाचं रान.

"कोण उतरायलंय?" जोतीराम ओरडला.

कोणीच नाही. जोतीरामनं डबल दिली. गाडी निघाली. पुढचा खड्डा. टण्! गाडी थांबली. मागच्या ट्रकवाल्यानं हॉर्न दाबला तो सोडेना.

"कोन वाजवतंय त्येचं मला नाव पायजे!" ड्रायव्हर तोंड न वळवता म्हणाला.

मी खिडकीबाहेर बघत होतो. कंट्रोलर म्हणून माझी थोडी इज्जत होती, ती सांभाळत होतो.

मग धोंडुबाई नावाच्या एका म्हातारीचा थांबा आला. डोक्यावर पाटी घेऊन ती दाराशी उभी. जोतीरामनं थांबायची एक घंटी दिली आणि तेवढ्यात खड्डा आला. टण् आणि टण्. दोन झाल्या. ड्रायव्हरनं गिअर बदलला आणि गाडी जी सुटली ती धोंडुबाईचं गाव, गावाची कमान, पुढचं वळण सगळं मागं टाकून.

"आरं थांबीव! मुडद्या, माजं गाव गेलं की!"

तिच्या आरडाओरड्यानं गाडी हादरली, म्हणून घंटा पुन्हा दोनदा वाजली. गाडी अजून जोरात.

शेवटी सापडलो. जोतीराम माझ्यापुढं येऊन उभा राहिला. शिकवलेला माणूस. "सायब," एवढंच म्हणाला. त्यापेक्षा शिव्या परवडल्या असत्या. मी घंटा सोडवून मांडीवर घेतली आणि तिची जीभ मुठीत धरून बसलो. सगळी गाडी माझ्याकडं बघत होती.

धोंडुबाई माझ्या शेजारी येऊन बसली. पुढच्या थांब्यावर उतरून ती परतीची गाडी धरणार होती. मला वाटलं, आता तोंडाचा पट्टा सुटणार.

"कुनाची हो घंटा?"

"बायकोची."

"कुठं हाय ती?"

"न्हाय आता."

म्हातारीनं पाटी पायाशी सरकवली. "मग कुनाला चाललाय द्यायला?"

"शाळेला."

"बरं हाय. आमच्या म्हाताऱ्याची काठी हाय. कोन घेत न्हाय. मी बी देत न्हाय." ती उठली, पाटी उचलली. "घट धरून बसा. आन पुन्यांदा माजं गाव चुकवू नगासा."

वाडीच्या फाट्यावर अनुजाबाई आणि अख्खी शाळा उभी होती. सामान उतरवायला मला हात लावू दिला नाही. सहा-सात पोरं सिग्नल खांद्यावर घेऊन निघाली तेव्हा एखाद्या मिरवणुकीसारखं दिसलं. मी मागून ओरडत होतो, हळू, हळू. ऐकतंय कोण?

खोलीच्या फळ्यावर बाईंनी खडूनं लिहिलं होतं: 'मीनाबाईंची रेल्वे'. मी ते वाचलं आणि टोपीचं पोतं सोडण्यात गुंतलो. गाठ घट्ट बसली होती, वेळ लागला.

मग मी मुलांना सगळं सांगितलं. गार्ड कुठं बसतो, झेंडा कधी दाखवायचा, टीसी कोण असतो, टोकन कशाला. मला वाटलं नव्हतं की मला एवढं येत असेल. मीना बोलायची तेव्हा मी पेपर वाचत असायचो. तरी सगळं कानात जाऊन बसलं होतं. सांगून होईपर्यंत माझ्या हातात काहीच उरलं नाही. कडं एकाच्या गळ्यात, टोपी एकाच्या डोक्यात, घंटा पार पटांगणात. सिग्नल खिडकीच्या गजांना बांधला होता आणि त्याचा हात एकसारखा वर-खाली होत होता. एवढ्या गाड्या कुठल्याच लाइनीवर कधी धावल्या नसतील.

सोनम नावाच्या मुलीनं तारखेचं यंत्र आणि तिकिटांचा डबा घेऊन दाराच्या फळीआड खिडकी थाटली होती. रांग लागली. अनुजाबाई म्हणाल्या, "आजोबा, तुम्हीपण घ्या ना तिकीट." मी रांगेत उभा राहिलो. माझा नंबर आला.

"किती?" सोनमनं विचारलं. ती वर बघत नव्हती. अगदी खरी कारकून.

"दोन," मी म्हणालो. तोंडातून गेलंच.

आता तिनं वर बघितलं. "दुसरं कुनाचं?"

"मीनाबाईंचं."

तिनं माझ्या मागं वाकून बघितलं. "कुठं हायत त्या?"

"पुढं गेल्यात."

"तिकीट न काढता?"

"व्हय."

तिनं नापसंतीनं मान हलवली. तरी दोन तिकिटं काढली, यंत्रात घालून खट् खट् केलं आणि फळीवरून माझ्याकडं सरकवली. "हे त्यास्नी पुढच्या टेशनात नेऊन द्या. न्हाईतर टीसी खाली उतरवंल त्यास्नी गाडीतनं."

उतरवलं तर फार बरं होईल, असं मनात आलं. पण बोललो नाही. तिकिटं खिशात घातली आणि बाजूला झालो. मागं रांग वाढत होती.